अफाट संख्येला ओळखीचे माप

कल्प म्हणजे किती काळ, असा प्रश्न एका भिक्खूने भगवान बुद्धांना विचारल्याची नोंद संयुत्त निकायात आहे. बुद्धांनी वर्षांचा आकडा सांगितला नाही. एक योजन लांब, रुंद आणि उंच असा अखंड खडकाचा डोंगर असावा, दर शंभर वर्षांनी एकदा कोणी काशीच्या तलम वस्त्राने तो पुसावा. तो डोंगर झिजून जाईल, पण कल्प संपणार नाही, असा दृष्टान्त त्यांनी दिला. बुद्धीच्या कवेत न मावणारी संख्या ओळखीच्या वस्तूंतून समोर ठेवण्याची ही रीत आजच्या संगणकयुगातही आपण सोडू नये, असे आम्हांस वाटते.

मंचरहून फार दूर नाही, अशा खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे क्षीण संकेत टिपतात आणि संगणक त्यांची सांगड घालतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला आपल्या भागातील मुले तेथे जातात. ‘टेराबाइट’, ‘पेटाबाइट’ हे शब्द त्यांच्या कानांवर पडतात. पण मनात चित्र उभे राहत नाही.

ते उभे करता येते. एक पेटाबाइट म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतके बाइट. एका सीडीत ७०० मेगाबाइट मावतात; म्हणजे सुमारे १४ लाख २८ हजार सीडी लागतील. एका सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. त्या एकमेकींवर रचल्या तर चवड १,७०० मीटरांच्या वर जाईल. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे! २०१७ साली जगभरच्या दुर्बिणींनी मिळून कृष्णविवराचे जे निरीक्षण केले, त्याची माहिती सुमारे पाच पेटाबाइट होती. इंटरनेटवरून ती पाठवणे परवडेना, म्हणून हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कसाठी तर तेथील हिवाळा सरेपर्यंत थांबावे लागले. चित्र जगापुढे आले १० एप्रिल २०१९ रोजी.

कोणी म्हणेल, ही निव्वळ गंमत आहे. आम्हांस तसे वाटत नाही. हा भागाकार ज्या मुलाने स्वतः केला, ते मूल मोठ्या आकड्याने दिपत नाही. एक टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ गिगाबाइटच का दाखवते, हेही त्याला उमगते. विकणारा हजाराच्या पटीने मोजतो, संगणक १,०२४ च्या. माल कमी दिलेला नसतो. पहिल्या पिढीतील शिकणाऱ्या मुलांना असा हिशेब येणे, म्हणजे कोणाच्याही शब्दावर विसंबून न राहण्याचे बळ मिळणे होय.

मात्र आकारमान म्हणजे मोल नव्हे, हेही त्याच वेळी शिकवले पाहिजे. कोरियातील हाएइन्सा विहारात तेराव्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे ८१,२५८ लाकडी ठसे आहेत. त्यांवरील अक्षरे सुमारे ५ कोटी २० लाख. प्रत्येक अक्षराला तीन बाइट धरले, तरी ती सारी अक्षरे एका सीडीच्या पाव भागातही मावतील. मोबाइलवर काढलेली दोन-तीन मिनिटांची चित्रफीत तेवढी जागा सहज व्यापते.

शिवाय माध्यमाला आयुष्य असते. फ्लॉपी कालपरवाची, आज ती वाचणारे यंत्र शोधावे लागते. उलट जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेख सुमारे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. लेणे कोणी दिले, टाके कोणी खोदवले, हे आपणांस कळते. दात्यांमधील यवनांची नावेही कळतात. तेथे यंत्र लागत नाही; लिपी जाणणारा माणूस लागतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. वसतिगृहातील दिवसांची छायाचित्रे, पत्रे, गुरुजनांचे ध्वनिमुद्रित शब्द आज कोणाच्या मोबाइलमध्ये, तर कोणाच्या पेटीत पडून आहेत. मोबाइल बिघडला की ती जातील. ती शाळेकडे जमा व्हावीत. छायाचित्रात कोण आहे, वर्ष कोणते, हे लिहून ठेवावे. प्रती दोन-तीन ठिकाणी असाव्यात, दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवाव्यात, आणि जे अत्यंत मोलाचे ते कागदावर छापावे. हा सारा ठेवा बहुधा एका हार्ड डिस्कमध्ये मावेल. पण ती डिस्क भरण्यासाठी आपणां सर्वांचे हात लागतील, आणि छायाचित्रांतील चेहरे ओळखणारी माणसे आपल्यात आहेत तोवरच हे काम झाले पाहिजे.