कुत्र्याच्या हिरड्या पाहा



मागच्या महिन्यात हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. एरवी बांधावरच मला अडवणारा वाघ्या त्या दिवशी बैलगाडीखाली पडून होता. शेपूट हलली, पण उठला नाही. घरधनी म्हणाले, "साहेब, म्हातारा झाला आता." वय विचारले, तर पाच वर्षे! पाच वर्षांचा कुत्रा म्हातारा कसा? त्यांनाच त्याचा ओठ वर करायला सांगितला. हिरड्या धुतल्या कापडासारख्या पांढऱ्या. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीडच गोचीड. वाघ्याला रक्तक्षय झाला होता.

पीक पिवळे पडले म्हणजे दरवेळी युरियाच कमी असतो असे नाही. कधी पाणी साचलेले असते, कधी लोह कमी असते. रक्तक्षयाचेही तसेच आहे. ती खूण आहे; मूळ कारण शोधावे लागते. कारणे तीन तऱ्हेची.

पहिले, रक्त अंगाबाहेर जाते. गोचीड आणि पिसवा रक्त पितात. पिल्लांच्या आतड्यात अंकुशकृमी नावाचे जंत होतात. ते आईच्या दुधातूनही येतात. अशा पिल्लाची विष्ठा डांबरासारखी काळी होते. ब्रोमाडिओलोनसारखे उंदराचे औषध पोटात गेले, तर रक्त गोठत नाही आणि आतल्या आत वाहत राहते.

दुसरे, रक्त अंगातच नासते. गोचिडामार्फत बबेसियाचे जंतू शिरतात व तांबड्या पेशी फोडतात. लघवी गडद होते. कांदा-लसूणही, अगदी शिजवलेला असला तरी, त्या पेशींचा नाश करतो. म्हणून उरलेला रस्सा भाकरीवर ओतू नका.

तिसरे, नवे रक्त तयारच होत नाही. गोचीडतापाचा एर्लिकिया हा जंतू अंगात मुरला, की हाडांतला मगज काम थांबवतो. मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्यातही असे होते.

आता काय करावे? आपल्या ओळखीच्या, शांत कुत्र्याच्या हिरड्या महिन्यातून एकदा पाहा. त्या गुलाबी हव्यात. हिरड्या काळ्या असतील, तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. लाळ गाळणाऱ्या किंवा वागणे बदललेल्या कुत्र्याच्या तोंडाला मात्र हात लावू नका. ते पिसाळल्याचे लक्षण असू शकते.

पिल्लांना पंधराव्या दिवसापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्या. अंकुशकृमीच्या अळ्या मातीतून अनवाणी पोरांच्या कातडीतही शिरतात, म्हणून विष्ठा रोज उचला. गोचिडाची मादी भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. त्या भेगा लिंपून घ्या.

कपाशीवरचे औषध कुत्र्याला कधीही चोळू नका. वाघ्याच्या घरी डबा काढून ठेवलाच होता! त्याने गोचिडाआधी कुत्राच मरायचा. माणसाची तापाची गोळीही देऊ नका. नुसत्या लोहाच्या टॉनिकवर विसंबू नका.

मी शेतीचा माणूस, औषध सांगणार नाही. वाघ्याला त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात नेले. रक्त तपासले, गोचीडताप निघाला, चार आठवडे गोळ्या चालल्या. परवा पुन्हा त्या वस्तीवर गेलो, तर बांधावरच अडवला गेलो. त्या भुंकण्याचा मला राग आला नाही.