अस्सलपणाचा शिक्का

बाखच्या ब्रँडनबर्ग कॉन्चेर्टोंचं कुठलं ध्वनिमुद्रण घ्यावं, असं विचारलं की आपल्याकडच्या जाणकारांचं उत्तर आता तयार असतं : ‘जुन्या वाद्यांवरचं घ्या, तेच अस्सल.’ का अस्सल, हे पुढे विचारायची सोय नसते. आतड्याच्या तारा, अठराव्या शतकातल्या घडणीचे गज, आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली उतरवलेली पट्टी, एवढं सांगितलं की खटला निकालात. मला या उत्तराचा राग आहे, आणि तो संगीतापुरता नाही. अनुवादक म्हणून गेली पंधरा-सोळा वर्षं मी हीच फूटपट्टी ‘मुळाशी प्रामाणिक’ या नावानं पाठीवर खाते आहे. बहुतेकदा मूळ न वाचलेल्यांच्या हातून.

आधी त्या पट्टीचं पाहू. जुन्या वाद्यांचे वादक ‘ला’ हा स्वर सेकंदाला 415 कंपनांवर लावतात, बाकीचे 440 वर. हा 415 चा आकडा बाखच्या काळात कुणी ठरवून दिलेला नव्हता. तेव्हा गावागणिक पट्टी वेगळी असे; एकाच गावात चर्चच्या ऑर्गनची एक आणि दरबारी वादकांची दुसरी. 440 च्या अर्धा स्वर खाली येतो म्हणून विसाव्या शतकातल्या वादकांनी तो आकडा सोयीनं पत्करला. सोय वाईट नसते. पण सोयीला पुरावा म्हणू नये.

आणि मूळ म्हणजे तरी काय? 24 मार्च 1721 या तारखेची अर्पणपत्रिका जोडून बाखनं सहा रचनांची सुवाच्य प्रत ब्रँडनबर्गच्या मारग्रेव्हला पाठवली. त्यानं त्या कधी वाजवून घेतल्याचा पुरावा नाही. प्रत उजेडात आली 1849 साली. ‘ब्रँडनबर्ग’ हे नावसुद्धा बाखचं नव्हे, पुढच्या शतकातल्या त्याच्या चरित्रकाराचं. तिसऱ्या कॉन्चेर्टोच्या मधल्या भागात तर कागदावर अवघे दोन स्वरसंघात आहेत. पुढे काय करायचं ते तेव्हाच्या वादकाला ठाऊक होतं, कागदाला नाही. म्हणून कुणी ते दोन वाजवून पुढे निघतो, कुणी त्यांच्याभोवती हार्पसिकॉर्डवर चार वळणं घेतो, कुणी बाखच्याच दुसऱ्या रचनेतला संथ भाग आणून मध्ये बसवतो. यातला अस्सल कोण?

मी राहते लखनौच्या वृंदावन योजनेत. इथून रायबरेली रोडनं शहरात गेलं की कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्यात, ती संस्था आहे जी 1926 साली भातखंड्यांच्या पुढाकारानं मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झाली. क्रमिक पुस्तक मालिकेत छापलेली बंदिश म्हणजेच गाणं, असं कुठलाही मराठी रसिक म्हणणार नाही. रातंजनकरांच्या हाताखाली इथेच शिकलेल्या गिंड्यांचं आणि कैकिणींचं गाणं एकसारखं असावं, अशीही कुणाची अपेक्षा नव्हती. लिपी आणि गाणं यांतलं अंतर आपल्याला लहानपणापासून कळतं. बाख आला की मात्र आपण एकदम पोथीनिष्ठ होतो.

बरं, जुन्या वाद्यांचं घराणंही एक नाही. हार्नोनकुर्टनं 1964 साली हे सहा कॉन्चेर्टो जुन्या वाद्यांवर मुद्रित केले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा केले. मूळ एकदा सापडलं होतं, तर दुसऱ्यांदा शोधायला कशाला गेला? मधल्या काळात लिओनहार्टचं मुद्रण झालं, 1982 मध्ये पिनॉकचं, नंतर ग्योबेलचं. वाद्यं सगळ्यांची जुन्या घडणीची, आणि चौघांचं ऐकणं चार दिशांना.

मग सगळीच मुद्रणं सारखी, ज्याची त्याची आवड, असं म्हणायचं का? मुळीच नाही. हे दुसरं आळशी उत्तर, आणि ते देणारे स्वतःला उदार समजतात. तुलना करावीच, पण जागा धरून करावी. माझी जागा सहाव्या कॉन्चेर्टोची पहिली दोन मिनिटं.

या रचनेत व्हायोलिन एकही नाही. दोन व्हिओला, दोन गांबा, चेलो, व्हिओलोने आणि हार्पसिकॉर्ड. व्हिओला हे त्या काळी मागच्या रांगेतलं वाद्य, सुरांची भर घालणारं. गांबा खानदानी, बाखचा धनी, क्योथेनचा राजा लिओपोल्ड, स्वतः गांबा वाजवायचा. बाखनं इथे उतरंड उलटी केली आहे. व्हिओला पुढे धावतात, एक दुसरीच्या मागे अवघ्या अर्ध्या मात्रेवर, जणू पदर धरून. आणि खानदानी गांबा खाली बसून तेच तेच स्वर रेटत राहतात.

जिथे गांबांच्या जागी चेलो घेतले आहेत, तिथे ही उलथापालथ ऐकूच येत नाही, मुद्रण कितीही देखणं असो. इथे जुनं वाद्य खरोखर काम करतं. ते जुनं आहे म्हणून नव्हे. दोन वाद्यांमधलं नातं कानावर येतं म्हणून. पण ग्योबेलकडे हीच जुनी वाद्यं आहेत, आणि तो हा भाग इतका पिटाळतो की माझ्या कानाला दोन व्हिओलांचा पाठलाग विरघळून एकच घरघर उरते. वाद्य अस्सल, गोष्ट गेली. उलट आडोल्फ बुशनं 1935 साली पाचव्या कॉन्चेर्टोत हार्पसिकॉर्डऐवजी सेर्किनला पियानोवर बसवलं. शुद्धिवाद्यांना तिथेच ताप येतो. ऐका मात्र : एकल वादनाची ती लांबलचक जागा आली की बाकीचे वादक मागे सरून तिला वाट करून देतात. कासाल्सनं 1950 साली दुसऱ्या कॉन्चेर्टोत ट्रम्पेटच्या जागी सोप्रानो सॅक्सोफोन घेतला. ते मला पटत नाही. पण का पटत नाही हे सांगायला मला पाच वाक्यं लागतात, एक शिक्का पुरत नाही.

मी एका हिंदी कथेचा अनुवाद केला होता. मालकीण खडीबोलीत बोलते, मोलकरीण अवधीत, आणि कथेत शेवटचा शब्द मोलकरणीचा असतो. मी तिला वऱ्हाडी दिली. माझी आजी वऱ्हाडातली, ती बोली माझ्या कानात आहे. संपादकांनी ती सगळी प्रमाण मराठीत आणली आणि कळवलं की मुळात वऱ्हाडी नाही. नाहीच आहे. मुळात मराठीही नाही. छापील कथेत दोघी एकाच आवाजात बोलतात, आणि एका परीक्षणात अनुवाद ‘मूळबरहुकूम’ असल्याचं म्हटलं आहे.

सहाव्या कॉन्चेर्टोचं मुद्रण घेणार असाल, तर वेष्टनावरचा मजकूर नंतर वाचा. आधी दुसऱ्या व्हिओलावर कान ठेवा. ती पहिलीच्या मागे आहे हे कळतंय का, आणि खाली गांबा कुरकुरताहेत का, एवढं बघा.