लोक हसतील म्हणून

आमच्या माजरीतले एक चाचा खाणीतून निवृत्त झालेले आहेत. परवा इफ्तारनंतर ते हळूच बोलले. आठ दिवसांपूर्वी त्यांना फोन आला होता. हयातीच्या दाखल्यात चूक आहे, आत्ताच दुरुस्त केली नाही तर पेन्शन थांबेल, असे सांगितले गेले. मगरिबच्या अजानला थोडाच वेळ होता, घरात धावपळ होती. समोरच्याला चाचांचे पूर्ण नाव आणि आधारचे शेवटचे चार आकडे ठाऊक होते. चाचांनी ओटीपी सांगितला आणि खाते रिकामे झाले. "लोक हसतील म्हणून कोणाला बोललो नाही," ते म्हणाले.

हे आठ दिवस फार महाग पडले. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकत जाते आणि शेवटी रोख काढली जाते. 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवले, तर वाटेतल्या बँकांना ती अडवता येते. रिझर्व्ह बँकेचा 6 जुलै 2017 चा नियमही माहीत असू द्या. ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे लाजेत गेलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

ठगांना ही लाज चांगली कळते. 'डिजिटल अरेस्ट'वाले व्हिडिओ कॉलवर पोलिसांचा गणवेश दाखवतात आणि पहिली अट घालतात, घरात कोणाला सांगायचे नाही. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितले होते. तरी एकट्या पडलेल्या माणसाला ती खरी वाटते. शेजारच्या खोलीत बसलेल्या सुनेला एक हाक मारली असती, तर कदाचित तिथेच सगळे संपले असते.

रमजानच्या आखरी अशऱ्यात जकात-फितऱ्याचे क्यूआर कोड मोबाइलवर फिरू लागतात. कोणाच्या नावाचे खाते आहे हे विचारल्याने सवाब कमी होत नाही. ओळखीच्या गरजूच्या हातात दिलेले तर सर्वांत बरे. आणि झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रत विसरून येणाऱ्यांनी 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत, ते एकदा पाहावे.

पण मला जास्त काळजी आपल्या जिभेची वाटते. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही. फसलेल्या माणसाची चहाटपरीवर टिंगल करणे ही गीबतच, मग करणारा कोणत्याही धर्माचा असो. "एवढं कसं कळलं नाही?" हा प्रश्न ऐकावा लागू नये म्हणून माणसे गप्प बसतात, आणि तोच फोन दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी वाजतो.

चाचांना घेऊन आम्ही सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ त्याच कामासाठी बसले होते. चाचांनी आपली हकीकत सांगितल्यावर ते मोकळे झाले. घरी त्यांनी अजून सांगितले नव्हते. चाचा त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "भाऊ, आधी घरी फोन लावा."