मोबाईल काढून घेण्याआधी मुलांचं ऐकून घेऊ

दसरा-दिवाळी झाली की वाशी, भूम, कळंब या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आपल्या वस्तीतली कितीतरी घरं मग चार-पाच महिने आजी आणि मुलांच्या भरवशावर राहतात. नववी-दहावीची पोरगी शाळेसाठी मागे राहते. रात्री फडावरून आईचा फोन येतो, तोच तिचा आधार. त्याच मोबाईलवर गणिताचे व्हिडिओ येतात आणि अनोळखी माणसाचा 'हाय'सुद्धा त्याच्यावरच येतो. म्हणून मोबाईल चांगला की वाईट, या वादात आम्हाला पडायचं नाही. आम्ही एवढंच विचारतो : मोबाईलवर काही वाईट घडलं, तर आपलं मूल आपल्याला येऊन सांगेल का?

अनेक घरांत याचं खरं उत्तर 'नाही' असं आहे. सांगितल्यावर काय होणार, हे मुलांना ठाऊक असतं. मुलगा असेल तर मार बसतो. मुलगी असेल तर शाळा सुटते आणि महिन्याभरात पाहुणे बघायला येतात. धमकावणारा हे ओळखून असतो. आधी गोड बोलून ओळख वाढवायची, मग फोटो मागायचा. नाहीच मिळाला तर इन्स्टाग्रामवरचा साधा फोटो घेऊन खोटा अश्लील फोटो बनवायचा. पुढे 'पैसे दे, नाहीतर तुझ्या बापाला पाठवतो' अशी धमकी. घरच्यांची भीती हेच त्याचं हत्यार असतं, आणि ते त्याच्या हाती आपणच देतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. त्यामागची काळजी खरी आहे. पण बंदीने मुलं लपून वापरायला शिकतात, आणि लपून वापरणारं मूल अडकलं तर कुणाला सांगणार? त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. लहानांचे बंद, तसे मोठ्यांचेही बंद. आम्हाला ही वाट पटते. आपल्या विहारात वंदनेनंतर असा एक तास सहज ठेवता येईल. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी जवळ बसावं, बोलावं, ऐकावं.

आपल्या मुलांना आणखी एक त्रास सोसावा लागतो. बाबासाहेबांचा फोटो डीपीला ठेवला, जयंतीचं स्टेटस लावलं, की जातीवरून घाण शिव्या येतात. चौदा-पंधरा वर्षांचं मूल ते वाचून आतून जळतं. कधी शिवीला शिवीने उत्तर देऊन स्वतःच अडकतं. त्याला 'सोडून दे' म्हणू नका. उत्तर न देता स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा. सर्वांना दिसेल असा जातिवाचक अपमान समाजमाध्यमावर केला तरी अॅट्रॉसिटी कायदा लागू होतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. अपमान करणाराच गुन्हेगार आहे, हे मुलाला घरातूनच कळलं पाहिजे.

मन दुखतं तेव्हा मूल तसं सरळ सांगत नाही. झोप उडते किंवा दिवसभर झोपून राहतं, जेवणावरून मन उठतं, मित्र तुटतात, शाळा नको वाटते, उगाच चिडचिड होते. असं दोन आठवडे चाललं तर 'नाटकं करतो' म्हणू नका, बाहेरची बाधा म्हणून अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. 'मी नसलो तर बरं' असं मूल बोललं, तर शांतपणे सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळं होतं. अशा वेळी मुलाला एकटं सोडू नका आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात किंवा घराबाहेर ठेवा.

मदत फुकट आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच १९३०. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालतात. आपल्या जवळ कुठे आणि कोणत्या वारी, ते आशाताईंना विचारा.

फोटोवरून धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका. तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नका. पोलिसांत जायला घाबरू नका. पोक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो, अधिकारी गणवेशात नसावा लागतो, मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, आणि त्याचं नाव छापायला मनाई आहे.

राहिला मुलीच्या शाळेचा प्रश्न. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायकांना मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असं बजावलं होतं. कुणीतरी घाणेरडा मेसेज पाठवला म्हणून आपण मुलीची शाळा बंद केली, तर गुन्हा त्याचा आणि शिक्षा तिला. तिला अठराच्या आत उजवली, तर कायदाही आपणच मोडला.

फडावर जाण्याआधी प्रत्येक आई-बापाने पोरांना एक वाक्य सांगून जावं : 'काहीही झालं तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही, तुझी शाळा बंद करणार नाही.' ज्या आजीकडे किंवा शेजारच्या काकूकडे मूल ठेवलं आहे, तिलाही हे बजावून जावं. आणि वेळ आली की दिलेला शब्द पाळावा. एकदा मोडला, तर मूल पुन्हा सांगायला येणार नाही.