पेटी फिरली पाहिजे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या जुन्या वाचनालयाची खोली साफ केली, तेव्हा दोन कपाटांपैकी एकाची किल्ली काही सापडेना. शेवटी कुलूपवाल्याला बोलावून कपाट उघडले. आत पक्षी, झाडे, परसबाग, गांडूळखत अशा विषयांवरची पंचवीस-तीस पुस्तके निघाली. त्यांत दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' होते, मारुती चितमपल्लींची दोन पुस्तके होती. पाने अगदी कोरी करकरीत. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर तारखेचा एकही शिक्का नव्हता. पुस्तके हरवू नयेत म्हणून कोणीतरी मोठ्या काळजीने कुलूप लावले होते, आणि खरोखरच त्यातले एकही पुस्तक हरवले नाही!

हे कपाट पर्यावरणाचे देवघेव कपाट करावे, अशी सूचना काही शिक्षकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मांडली आहे. पुस्तकांबरोबर त्यात वस्तूही असाव्यात: खुरपे, झारी, फांद्या छाटायची कात्री, पक्षी पाहायला एक बरी दुर्बीण, सूर्यचूल, खताची टोपली, भाज्यांचे बी. वहीत नाव लिहून घरी न्यायचे, पंधरा दिवसांनी परत आणायचे. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय यायचा आहे. आमचे मत अनुकूल आहे, आणि ते का, हे सर्वांपुढे मांडावेसे वाटते.

बडोदेकरांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यास आणले. बॉर्डनसाहेब जेमतेम तीन वर्षे राहिले, पण तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालनाचे वर्ग निघाले, आणि इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांतले 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिकही सुरू झाले. मांडवीजवळची ग्रंथालयाची इमारत नंतरची, १९३१ सालची. ती आपण येताजाता पाहतो. आम्हाला मात्र त्या इमारतीपेक्षा फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्यांचे अप्रूप जास्त वाटते. एकेका पेटीत पंधरा ते तीस पुस्तके. ज्या गावी वाचनालय नाही तिथे पेटी जायची, गावातला शिक्षक किंवा एखादा जबाबदार गृहस्थ ती ताब्यात घ्यायचा, वाचून झाली की ती परत आणि दुसरी हजर. वाचकाला वर्गणी नाही, पेटीच्या जाण्यायेण्याचे भाडेसुद्धा खात्याने भरायचे.

याच खात्याची एक शाखा चित्रे दाखवण्याचे काम करीत असे. मॅजिक लँटर्नच्या काचा, दोन डोळ्यांनी पाहायची उठावाची चित्रे, पुढे चलच्चित्रेही. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ग्रंथालयाचा उपयोग व्हावा, हा त्यामागचा विचार. तेव्हा ग्रंथालयाच्या कपाटात खुरपे ठेवणे हे कुणाला विचित्र वाटत असेल, तर त्यांनी महाराजांचा हा उद्योग आठवावा. परदेशातही असे चालते. कॅलिफोर्नियातील बर्कली गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७९ पासून हत्यारे उसनी द्यायला सुरुवात केली, आणि त्याकडे पाहून इतरही अनेक गावांनी तसे केले. इतके दूर जायचे नसेल, तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे पाहा. गावरान बियाण्यांची बँक उभारल्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून बी न्यायचे ते पीक आल्यावर दुपटीने परत करायच्या बोलीवर. व्याजाचा असा दर कोणत्याही बँकेला परवडणार नाही, आणि कर्जदार तो आनंदाने देतो.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप असा, की वस्तू हरवतील, मोडतील. हो, हरवतील. वर्षभरात दोन खुरपी आणि एखादे पुस्तक गेले तर आम्ही त्याला खर्च म्हणू, नुकसान म्हणणार नाही. नुकसान कसे असते ते आपण त्या बंद कपाटात पाहिलेच. दुर्बिणीसाठी थोडी अनामत घ्यायला हरकत नाही. पण खुरप्यासाठी अनामत घेतली, तर ज्या घराला खुरप्याची गरज आहे तेच घर येणार नाही.

दुसरा, पैशांचा. याला बडोदे संस्थानाचेच उत्तर आहे. गावाला कायमचे वाचनालय हवे असेल तर एक हिस्सा गावकऱ्यांनी जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने, असा तेव्हा नियम होता. आपल्याकडे पालक, माजी विद्यार्थी आणि विश्वस्त मंडळ असे तीन हिस्से सहज पडतात. पालकांनी आपला हिस्सा आधी जमवावा, मगच मंडळाकडे जावे. मागण्याला त्याने वजन येते.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र आमचा स्पष्ट मतभेद आहे. हे कपाट फक्त आपल्या सभासद कुटुंबांपुरते असावे, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही म्हणतो, की तसे करू नये. आपले आजे-पणजे या शहरात आले, राहिले, शिकले ते गुजराती शेजाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून. महाराजांच्या पेट्या घेताना कुणी जातभाषा विचारली नाही. शाळेसमोरच्या घरातल्या बेनना खताची टोपली हवी असेल, तर त्यांना 'तुम्ही सभासद नाही' असे सांगणे आम्हाला तरी जमणार नाही. शिवाय ओल्या कचऱ्याचा वास गल्लीभर सारखाच जातो! २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा ते मराठी घर आणि गुजराती घर असे निवडून गेले नव्हते.

एक गोष्ट आमच्याकडून जोडतो. जुन्या लोकांना आठवत असेल, लग्नकार्याला पातेली, पराती, झारे, ओगराळी ही मंडळातून किंवा देवळातून आणायची पद्धत होती. भांड्यावर संस्थेचे नाव कोरलेले असे, त्यामुळे ती चुकून घरी राहिली तरी लाजेकाजेस्तव परत जात. आता स्नेहसंमेलनाला थर्माकोलच्या नाहीतर प्लास्टिकच्या ताटल्या येतात आणि दुसऱ्या दिवशी सफाई कामगार त्यांची पोती भरतात. शंभर स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले या कपाटाच्या शेजारी ठेवले, तर शाळेचे कार्यक्रम, हळदीकुंकू, मुलांचे वाढदिवस सारे त्यात भागेल. घासणार कोण, हा प्रश्न लगेच येईल. ज्याने नेली त्याने घासून आणायची. आणि 'त्याने' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे, दर वेळी आयांनीच का घासावी?

कपाटाची वही आठवी-नववीच्या मुलांकडे द्यावी, असे आम्हाला वाटते. शिक्षकांवर आधीच कामे पुष्कळ आहेत. मुलांच्या नोंदी चुकतील, पण वहीत वस्तूंची नावे मराठीत लिहायची म्हटली की खुरपे कोणते आणि कुदळ कोणती हे आजोबांना विचारावे लागेल. घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी मुलांना आज हे शब्द ठाऊक नाहीत, ही तक्रार आपण सगळेच करतो.

सभेपूर्वी एवढे करता येईल. आपल्या पोटमाळ्यावर, गॅलरीत, गाडीच्या डिकीत वापराविना पडलेली झारी, कात्री, कुंड्या, निसर्गावरची मराठी-गुजराती पुस्तके असतील, तर वस्तूवर आपले नाव चिकटवून शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी. घरच्या दोडक्याचे, वालाचे, गवारीचे बी असेल तर कागदाच्या पुडीत, वर महिना लिहून. शिडी देणार असाल तर मात्र आधी विचारून आणा, खोलीचे दार लहान आहे.