चाँद, पंचांग आणि मेघनाद साहा

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, त्यात अधिक मास नाही. म्हणून साधारण 33 वर्षांत रोजे सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. शेजारच्या घरातले पंचांगही चंद्रावरच चालते, पण अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ राखते. हे सगळे गणित आहे. मात्र गणिताचा संबंध सणावाराशी आला की शास्त्रज्ञ बहुधा गप्प बसतात.

मेघनाद साहा बसले नाहीत. ढाक्याजवळच्या खेड्यातील गरीब दुकानदाराचा हा मुलगा ताऱ्यांवरील संशोधनाने जगभर गाजला, 1952 मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत गेला. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे तिचे सदस्य. देशात तेव्हा तीसएक पंचांगे चालू होती. समितीने 1955 च्या अहवालात स्पष्ट सांगितले: जुन्या पंचांगांनी वर्ष सुमारे 24 मिनिटांनी मोठे धरले, त्यामुळे चौदाशे वर्षांत 23 दिवसांची तफावत पडली. उत्तरायण डिसेंबरातच सुरू होते. संक्रांत आपण जानेवारीत करतो.

22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ते पाहायला साहा नव्हते; आदल्या वर्षीच ते गेले. आज तिची तारीख राजपत्रावर छापतात. घरात कोण पाहते? तिळगूळ अजून जानेवारीतच वाटला जातो, आणि वाटावा. सण कधी करायचा हे लोक ठरवतील. पण हिशेब लोकांपुढे मांडणे शास्त्रज्ञाचे काम, आणि लोक रागावतील म्हणून ते टाळणे मला तरी बेजबाबदारपणाचे वाटते.

आमच्या चाँदचेही तसेच. अमावास्या कोणत्या मिनिटाला संपते हे खगोलशास्त्र बिनचूक सांगते. कोर डोळ्यांना दिसेल का, हे मात्र चंद्राची उंची, सूर्यापासूनचे अंतर आणि क्षितिजावरची धूळ यांवर ठरते. टीव्हीवर ‘उद्या ईद नक्की’ म्हणणाऱ्या तज्ज्ञाने हा ‘पण’ही सांगायला हवा. निर्णय उलेमांचाच राहू द्या. फक्त 29 व्या रोजाच्या संध्याकाळी हिलाल कमिटी बसेल तेव्हा गावच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनाही बोलवावे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. आणि सरांनीही, ‘हा तुमचा प्रश्न’ म्हणून अंग काढून घेऊ नये.