मुक्या सोबत्यासह दूरची वाट

१९६० च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील ५८ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीचा निरोप घेऊन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील आपल्या घरातून निघाले. बरोबर एकच सोबती होता, ‘चार्ली’ नावाचा वयस्क पूडल कुत्रा. मालमोटारीवर छोटीशी खोली बसवून घेतली होती आणि तिला डॉन किहोतेच्या घोड्याचे, ‘रोसिनांते’ हे नाव दिले होते. शक्य तेथे मोठे हमरस्ते टाळायचे, आडवाटेने देश पाहायचा, असा संकल्प होता. हे गृहस्थ म्हणजे कादंबरीकार जॉन स्टाइनबेक. सुमारे सोळा हजार किलोमीटरच्या या प्रवासावरील त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वैद्यकाच्या दृष्टीने या कथेतील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. निघण्यापूर्वीच्या हिवाळ्यात स्टाइनबेक बरेच आजारी पडले होते. यापुढे सारे जपून, बेताबेताने करावे, हा उपदेश त्यांना मानवला नाही.

असा प्रसंग आपल्याही घरी येतो. सेवानिवृत्त वडील किंवा एकट्या राहणाऱ्या मावशी एके दिवशी म्हणतात, “मी मोत्याला घेऊन कोकणच्या किनाऱ्याने जाऊन येते.” मुले घाबरतात. “या वयात? एकटीने?” असे म्हणून विषय मिटवला जातो. दोन्ही पक्षांना माझे सांगणे एवढेच, की उत्तर वयावरून ठरवू नये. ते प्रकृती आणि तयारी पाहून ठरवावे.

प्रथम प्रकृतीविषयी. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ही तपासणी केवळ कागदापुरती समजू नये. मोतीबिंदू असल्यास समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, म्हणून सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. मधुमेहींनी, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांनी, चाक हाती घेण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी. ती ९० पेक्षा कमी असल्यास आधी काही खावे. ७० पेक्षा खाली गेली असल्यास गाडी चालवूच नये, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबावे, कारण मेंदूला सावरण्यास वेळ लागतो. सर्दीच्या व मळमळीच्या पुष्कळ गोळ्यांनी झापड येते, हेही ध्यानात असू द्यावे. गेल्या काही महिन्यांत छातीत दुखले असेल, शुद्ध हरपली असेल किंवा झटका आला असेल, तर आपल्या डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत स्वतः गाडी चालवून जाण्याचा बेत पुढे ढकलावा.

अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने पाणी पीत नाहीत आणि रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळीही चुकवतात. हे दोन्ही घातक आहे. तासन्‌तास एकाच जागी बसल्याने पायाच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका असतो, आणि पाणी कमी पडल्यास थकवा व भोवळही येते. गोळीची वेळ बदलायची असल्यास ती डॉक्टरांना विचारून बदलावी.

येथे आपला मुका सोबती उपयोगी पडतो. कुत्र्याला दर दोन तासांनी उतरवावे लागते, पाणी पाजावे लागते, चार पावले फिरवावे लागते. आम्ही डॉक्टर प्रवाशाला सांगतो, नेमके तेच! स्वतःसाठी न थांबणारा माणूस त्याच्यासाठी थांबतो. तो उतरला की आपणही उतरावे, तो पाणी प्यायला की आपणही प्यावे.

मात्र त्या जिवाची जबाबदारीही आपल्यावर येते. त्याला मांडीवर किंवा पुढच्या आसनावर बसवू नये. मागे, छातीपट्ट्याने बांधून बसवावे. रेवसपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्याच्या वाटेवर आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ येथे गाडीसह फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. तेथे रांगेत असताना चहासाठी उतरून कुत्र्याला बंद गाडीत ठेवण्याचा मोह होतो. उन्हात बंद गाडीतील उष्णता दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते. धापा टाकूनच अंग थंड करणाऱ्या या प्राण्याला ती सोसत नाही. फिरवताना पट्टा मनगटाला गुंडाळू नये, कारण अचानक हिसका बसला की हाड मोडते. रेबीजची लस निघण्यापूर्वी दिलेली असावी. वाटेत कोणत्याही कुत्र्याने चावले वा ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चार्लीलाही प्रवासात प्रोस्टेटचा विकार जडला आणि त्याची लघवी अडली. स्टाइनबेक यांनी बेत बाजूला ठेवून पशुवैद्य शोधले. आपणही मुक्कामाच्या गावांतील माणसांच्या व जनावरांच्या डॉक्टरांचे क्रमांक आधीच टिपून ठेवावेत.

आता घरच्यांसाठी. दिवसभर फोन करून चालकाचे लक्ष विचलित करू नका. सकाळी निघताना एक आणि मुक्कामी पोहोचल्यावर एक, असे दोनच निरोप ठरवा. सायंकाळचा निरोप ठरल्या वेळेला आला नाही तर काय करायचे, हेही आधी बोला. गाडीत दर्शनी जागी एक कागद असावा. त्यावर आजार, औषधे, घरचे क्रमांक, आणि “मला रुग्णालयात नेल्यास माझ्या कुत्र्याला यांच्याकडे सोपवा” ही ओळ असावी. कुत्रा मागे राहील म्हणून रुग्णवाहिकेत बसण्यास नकार देणारी माणसे असतात. या एका ओळीने तो अडसर दूर होतो. तातडीला ११२ किंवा १०८ हे क्रमांक आहेतच. आणि ‘एकट्याने’ या शब्दाचा हट्ट नको. स्टाइनबेक यांनाही पत्नी वाटेत शिकागोला येऊन भेटली होती.

शेवटी परतीच्या वाटेविषयी. घर बरेच दूर असताना, व्हर्जिनियातील अबिंग्डन गावाजवळ, आपला प्रवास मनातून संपला, असे स्टाइनबेक लिहितात. पुढे केवळ घर गाठणे उरले होते. हाच टप्पा धोक्याचा असतो. मन घरी पोहोचलेले असते, शरीर मात्र अजून चाकावर असते; एवढेच अंतर राहिले म्हणून माणूस थकवा रेटत राहतो. तेव्हा परतीला एक मुक्काम जास्त धरावा, आणि घर आता दोनच तासांवर आहे असे वाटू लागले की गाडी बाजूला घेऊन मोत्याला एकदा खाली उतरवावे.